माणूस हरवल्याची मिसिंग नोंदवताना पोलीस ठाण्यात काय विचारतात, आणि काय विचारायचं राहतं

उत्तरेश्वरकर

मंडळी, हे लिहायचं दोन वर्षं राहून जात होतं. परवा गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फोटो पुन्हा फिरत आला, 'सापडल्यास कळवा, कृपया पुढे पाठवा'. म्हणून आज बसलोय. फोटोतला माणूस म्हणजे आमचे दाजी. मी हे टाईप करतोय तेव्हा ते कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर उभे आहेत. त्यांना विचारूनच लिहितोय. ठाण्याचं नाव लिहिणार नाही, खाली कुणी विचारू नका.

सकाळी ताई उठली तर दाजी घरात नाहीत. गाडीची किल्ली, घड्याळ आणि पाकीट देव्हाऱ्यासमोर नीट मांडून ठेवलेलं. मोबाईल मात्र बरोबर नेलेला, चालू होता, उचलत नव्हते. आदल्या वर्षी त्यांनी एकदा जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केलेला, चार दिवस दवाखान्यात होते. त्यामुळं ती किल्ली नि घड्याळ बघून ताईच्या पायातलं बळच गेलं. ज्यानं हे एकदा बघितलंय त्यालाच कळतं की बाजारात जाणारा माणूस घड्याळ असं मांडून ठेवत नाही.

सव्वानऊला मी आणि भाची ठाण्यात. ठाणे अंमलदार साहेबांनी विचारलेले प्रश्न मला क्रमानं पाठ आहेत. घरात काही भांडण झालं का? दारू पितात का? देणेकरी आहेत का? बाहेर काही लफडं? आणि मग, 'मोठा माणूस आहे, येतील की, संध्याकाळपर्यंत वाट बघा.' मी आदल्या वर्षीचं सांगितलं. ते म्हणाले, 'ते आता कशाला काढताय?' त्यात घर एका हद्दीत आणि वर्कशॉप दुसऱ्या. शेवटचं कुठं दिसले? वर्कशॉपच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्याला. मग तिकडं जा. तिकडचे म्हणाले, राहायला कुठं? मग तिकडंच जा. दुपारचा एक वाजला. शेवटी ओळखीच्या एका माजी नगरसेवकानं फोन केला तेव्हा कागद पुढं आला.

तो कागद अजून डोळ्यासमोर आहे. 'राहते घरातून कोणास काही एक न सांगता निघून गेले आहेत.' मग उंची, बांधा, रंग. अंगात पांढरा हाफ शर्ट, नेसणीस करडी पॅन्ट, पायात कोल्हापुरी चप्पल. शर्टाला किती बटणं ते विचारायचंच काय ते राहिलं होतं. पण हा माणूस स्वतःच्या जिवाला धोका करील काय, आधी केलाय काय, औषधं चालू आहेत काय, जाताना काय मागं ठेवून गेला, यातला एकही प्रश्न आला नाही. रुसून माहेरी गेलेली सून, पळून गेलेली जोडी आणि आमचे दाजी, तिघांना एकच कागद आणि एकच घाई, म्हणजे अजिबात घाई नाही.

मोबाईलचं लोकेशन रात्री साडेनऊला आलं. तोवर बॅटरी संपलेली.

दाजी दुसऱ्या दिवशी नरसोबाच्या वाडीला सापडले. देवळाजवळ हार विकणाऱ्या एका मावशींनी त्यांना विचारलं, 'दादा, काल बी हितंच बसला हुता. जेवलाय का? घरात कोन हाय?' तिनंच फोन लावून दिला. पोलिसांनी नाही, आम्ही नाही, एका हारवालीनं.

खरा मुद्दा पुढचा आहे. दाजींना ठाण्यात नेऊन जबाब घेतला. 'मी माझ्या मर्जीने गेलो होतो, माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.' सही. मिसिंग रद्द. सहा मिनिटं. आता बरं वाटतंय का, डॉक्टर कोण, रात्री घरी कोण असतं, कुणी काही विचारलं नाही. आणि सव्वानऊ ते रात्री साडेनऊ हे बारा तास कुठं गेले हे त्या खात्यात कुणी कुणाला विचारलं असेल असं मला वाटत नाही. माणूस जिवंत मिळाला, मग विचारायचं काय? आणि नसता मिळाला तर अकस्मात मृत्यूची फाईल झाली असती, तीही मिटली असती.

माझं म्हणणं एवढंच आहे की मिसिंग बंद करताना त्या पहिल्या तासांचा हिशेब कुणीतरी मांडायला पाहिजे. माणूस सापडो न सापडो. तुमचे अनुभव लिहा.

कट्ट्यावरचा_सुन्या

वाचलं. दाजी सुखरूप आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला.

हवालदार_निवृत्त

मी ३४ वर्षं खात्यात काढली, त्यातली बरीच ठाणे अंमलदार म्हणून. बोलणं लागलं, पण खोटं नाही. तरी आमची बाजू ऐका.

काउंटरवर एक माणूस. समोर गाडी ठोकलेला, मोबाईल हरवलेला, शेजाऱ्याच्या कुत्र्याची तक्रार घेऊन आलेला. निम्मा स्टाफ बंदोबस्ताला. नवरात्रात अंबाबाईला, चैत्रात जोतिबाला, गणपतीत मिरवणुकीला, आणि मंत्री आले की सगळेच रस्त्यावर. मिसिंगची दहा माणसं आली तर त्यातली बरीचशी दोन दिवसांत आपल्या पायानं घरी येतात. हे डोक्यात इतकं बसतं की अकरावा माणूस वेगळा हाय हे दिसत नाही. ही चूक हाय, कबूल. पण ती मनाचा दगड झाल्यामुळं नव्हे, सवयीमुळं होती.

लोकेशनचं म्हणाल तर ठाण्यातल्या माणसाच्या हातात ते नसतं. मोबाईल कंपनीला मागणी एसपी (जिल्हा पोलीस अधीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत जाते. ठाण्यातून रिपोर्ट, मग वरिष्ठांची सही, मग मेल, मग कंपनीचं उत्तर. हे दोन तासांत बी होतं आणि दोन दिवसांत बी होतं. फरक कशानं पडतो सांगू? रिपोर्टवर काय लिहिलंय त्यानं. 'घरातून निघून गेला' लिहिलं तर तो कागद गठ्ठ्यात. 'जिवाला धोका, पूर्वी प्रयत्न केलेला' लिहिलं तर वरचा साहेब स्वतः फोन करतो. मी हे डोळ्यानं बघितलंय. म्हणून 'ते कशाला काढताय' म्हणणाऱ्यानं तुमचे तास घालवले, त्याला स्वतःलाही कळलं नसेल.

आणि टॉवरचं लोकेशन म्हणजे घराचा पत्ता नव्हे. शहरात बरं, गगनबावड्याकडं एका टॉवरखाली चार गावं आणि अर्धं जंगल येतं.

ॲड_राजारामपुरी

दोन-तीन गोष्टी स्पष्ट करतो, कारण कोर्टाच्या आवारातसुद्धा चुकीचं सांगणारे भेटतात.

चोवीस तास थांबायचा नियम कुठल्याही कायद्यात नाही. नव्हताही. तो सिनेमातून आणि ठाण्याच्या काउंटरवरून पसरलेला आहे. हरवलेली व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार थेट अपहरण गृहीत धरून गुन्हा दाखल करावा लागतो. त्यामुळं मुलांच्या बाबतीत यंत्रणा हलते, हरवलेली मुलं शोधायच्या ऑपरेशन मुस्कानसारख्या मोहिमा होतात. सज्ञान माणूस स्वतःहून घर सोडून गेला तर तो गुन्हा नव्हे, म्हणून त्याचा एफआयआर नाही, नुसती नोंद. आणि नोंद म्हटलं की यंत्रणेचं मन तिथंच सैल पडतं.

हद्दीचं कारण तर अजिबात ऐकू नका. मिसिंग कुठल्याही ठाण्यानं घेऊन पुढे वर्ग करायला कसलीच आडकाठी नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, १ जुलै २०२४ पासून, दखलपात्र गुन्ह्यालासुद्धा हद्द आडवी येत नाही, कलम १७३ वाचा. मग नोंदीला कशी येईल?

आता महत्त्वाचं. घरचे लोक आधीचा प्रयत्न लपवतात. का? तर 'केस होईल' म्हणून. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा धरणाऱ्या, जुन्या दंड विधानाच्या कलम ३०९ ची भीती. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, अमलात २९ मे २०१८ पासून, त्याच्या कलम ११५ नं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं सांगितलं, शिक्षा नाही. आणि नव्या न्याय संहितेत ते ३०९ उरलेलंच नाही. सरकारी नोकराला त्याचं काम करण्यापासून रोखायला कुणी तसं केलं तर कलम २२६ आहे, ते वेगळं. तेव्हा ठाण्यात बिनधास्त सांगा, तोंडी नको, अर्जात लिहा आणि पोच घ्या.

त्याच मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०० पोलिसांवर जबाबदारी टाकतं. मानसिक आजारामुळं स्वतःला धोका असलेला माणूस हद्दीत आढळला तर त्याला संरक्षणात घ्यायचं, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. दाजींना जबाब घेऊन सोडण्याऐवजी हे कलम आठवायला हवं होतं.

उत्तरेश्वरकर

@ॲड_राजारामपुरी, म्हणजे 'संध्याकाळपर्यंत वाट बघा' याला काहीच आधार नाही?

ॲड_राजारामपुरी

काहीच नाही. आणि हेबियस कॉर्पसचं कुणी विचारायच्या आत सांगतो. ऑगस्ट २०२५ पासून आपल्या कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलंय, मुंबईला जायची गरज नाही. पण ती याचिका मुळात कुणीतरी डांबून ठेवलेल्या माणसासाठी असते. स्वतःहून निघून गेलेल्या माणसासाठी ती वेळेत उपयोगी पडेल ही आशा ठेवू नका. तिथले पहिले सहा तास हे कोर्टाचे नसतात, ठाण्याचे असतात.

गारगोटीचा_पाटील

मी भुदरगड तालुक्यात पोलीस पाटील आहे. शहरात काय चालतं मला माहीत नाही, खेड्यात रीत वेगळी. माणूस रानातनं आला नाही असं कळलं की आधी देवळाच्या भोंग्यावरनं पुकारा, मग तरुण मंडळाची पोरं बॅटऱ्या घेऊन बाहेर. ठाण्याला फोन त्यानंतर. आमच्याकडं ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे, एक नंबर फिरवून बोललं की गावातल्या सगळ्या नोंदलेल्या मोबाईलवर तोच आवाज जातो. चोर आले म्हणून वापरतात, पण मी दोनदा माणूस शोधायला वापरलीय.

पण एक सांगतो. पुकाऱ्यात काय बोलायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या वेळी मी बोलून गेलो, 'डोक्यावर परिणाम झालाय'. माणूस सापडला, घरी आला, आणि आख्खं गाव त्याला त्याच नजरेनं बघायला लागलं. तो पुढं वर्षभर गिरणीत दळण आणायला यायचा बंद झाला, बायको यायची. आता मी फक्त नाव, कपडे आणि शेवटचं कुठं दिसला एवढंच बोलतो.

मनोमिलन

जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात समाजसेविका आहे. पाटीलदादांचा मुद्दा लाखाचा आहे.

माझ्या बाजूनं एक-दोन गोष्टी. 'मरायचा विचार येतोय का' हे विचारलं म्हणजे आपण तो विचार डोक्यात घालतो, ही समजूत काउंटरवर आहे तशीच घराघरांत आहे. घालत नाही. उलट विचारल्यावर माणूस बोलतो, बहुतेक वेळा पहिल्यांदाच. घरच्यांनी ठाण्यात जाताना या गोष्टी एका कागदावर लिहून न्याव्यात: आधीचा प्रयत्न, चालू औषधं आणि डॉक्टर, अलीकडचं नुकसान, कुणाला निरोप दिल्यासारखं बोलणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, आणि ओढ असलेली ठिकाणं. शेवटचं सगळे विसरतात. दाजींना वाडीची ओढ होती काय?

आणि परत आल्यावरचे पहिले आठवडे सर्वांत नाजूक असतात. घरात सगळे 'मिळाले बाबा' म्हणून पेढे वाटतात, आणि तो माणूस शरमेनं मेल्याहून मेला झालेला असतो. पोलिसांनी जबाब घेतानाच त्याला थेट आमच्याकडं पाठवलं पाहिजे. आठवड्यातनं एखादी चिठ्ठी आली तरी खूप झालं म्हणेन, एवढी कमी येतात.

ज्यांना स्वतःलाच हा धागा वाचताना जड जात असेल त्यांनी १४४१६ लावा. टेलिमानस, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि कुणी आत्ता धोक्यात असेल तर ११२.

नाद_खुळा_९९

मोबाईल आल्यापासनंच हे सगळं सुरू झालंय. आधी कोण जात हुतं घर सोडून?

हवालदार_निवृत्त

@नाद_खुळा_९९, भावा, १९८८ च्या रजिस्टरची पानं दाखवू का तुला? गप बस.

लीड्सहून_गडहिंग्लजकर

इथं इंग्लंडात लीड्समध्ये बारा वर्षं आहे, एका मानसिक आरोग्य संस्थेत नोकरी. तुलना करायला म्हणून नाही, पण उत्तरेश्वरकरांनी मांडलेला हिशेबाचा मुद्दा इथं ज्या पद्धतीनं चालतो तो सांगतो.

बेपत्ता नोंदवायला फोन केला की पोलीस प्रश्नांची माळ लावतात आणि शेवटी माणसाला धोक्याची पायरी देतात. कमी, मध्यम, जास्त. आत्महत्येचा संशय असेल तर जास्त, आणि मग वरिष्ठ अधिकाऱ्याला लगेच सांगावं लागतं, माणसं लगेच बाहेर पडतात. पायरी लिहून ठेवलेली असते, कुणी दिली, किती वाजता, कशावरून. नंतर बदलली तर तेही. म्हणजे पुढं हिशेब मांडायला काहीतरी हातात असतं. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांसाठी घरच्यांनी आधीच भरून ठेवायचा एक फॉर्म आहे, हर्बर्ट प्रोटोकॉल म्हणतात, नॉर्मंडीच्या लढाईतल्या एका जुन्या सैनिकाच्या नावावरून. फोटो, सवयी, जुनं घर, जुनं काम, सगळं त्यात.

माणूस परत आल्यावर पोलीस त्याच्याशी बोलतात, त्याला प्रिव्हेन्शन इंटरव्ह्यू म्हणतात. का गेलात, कुठं होतात, पुन्हा असं वाटलं तर काय करायचं. आणि माणूस गेलाच तर कॉरोनर, म्हणजे अशा मृत्यूंसाठी नेमलेला न्यायाधिकारी, चौकशी करतो. पुढचे जीव वाचतील असं त्याला काही दिसलं तर तो पोलिसांना किंवा दवाखान्याला लेखी कळवतो आणि त्यांना ५६ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. ती पत्रं संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. वाचवत नाहीत, पण आहेत.

आता उलटी बाजू, नाहीतर वाटेल स्वर्गच आहे. हंबरसाइडच्या पोलिसांनी २०२० मध्ये सुरू केलेली पद्धत आता देशभर पसरलीय. मानसिक आरोग्याच्या प्रत्येक फोनला पोलीस जाणार नाहीत, जिथं जिवाला खरा धोका तिथंच. लंडनच्या पोलिसांनी २०२३ च्या शेवटी ती घेतली. कागदावर बरोबर आहे, आजारी माणसाच्या दारात खाकी कशाला. पण पोलीस मागं सरले तिथं दवाखान्याचा माणूस पुढं आला का, हा वाद अजून पेटलेला आहे. आणि २०२३ मध्ये लँकशायरमध्ये एक बाई बेपत्ता झाली तेव्हा पोलिसांनी पत्रकारांना तिच्या तब्येतीच्या अगदी खासगी गोष्टी सांगून टाकल्या. नंतर पोलिसांच्याच व्यावसायिक संस्थेनं आढावा घेतला आणि ते टाळता आलं असतं, गरजही नव्हती असं स्पष्ट लिहिलं. मला कौतुक त्या आढाव्याचं आहे. चुकलं ते छापलं.

गारगोटीचा_पाटील

म्हंजे तिकडं पण 'डोक्यावर परिणाम' भोंग्यावरनं सांगून टाकलं की!

लीड्सहून_गडहिंग्लजकर

अगदी तसंच, पाटील. फक्त भोंगा मोठा होता.

शाहूपुरीतली_मी

मी इथं फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

माझा धाकटा भाऊ परत आला नाही. तपशील लिहिणार नाही. चार वर्षं झाली. आम्हाला मिळालेले कागद म्हणजे अकस्मात मृत्यूचा नंबर, पंचनाम्याची प्रत, बस.

वर्षभरानंतर मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. फक्त वेळा मागितल्या. मी ठाण्यात आले ती वेळ, नोंद झाली ती वेळ, बिनतारी संदेश गेला ती वेळ, लोकेशनची मागणी गेली ती वेळ. पहिल्यांदा नकार आला, अपील केलं, मग एक पान मिळालं. मी सकाळी सव्वादहाला आले हे मला माहीत आहे, कारण रिक्षाचे पैसे फोनवरून दिले होते, त्याची वेळ आहे. स्टेशन डायरीत पहिली नोंद दुपारी चार पस्तीसची. लोकेशनची मागणी दुसऱ्या दिवशी अकराची.

लवकर झालं असतं तर तो वाचला असता असं मी म्हणत नाही. कदाचित नसताही. पण हे पान मला एकटीला, स्वयंपाकघरात बसून वाचायला लागायला नको होतं. ते त्यांच्यातल्या कुणीतरी आधी वाचायला पाहिजे होतं. एवढंच.

मनोमिलन

ताई, लिहिलंत ते फार मोठं केलंत. व्यक्तिगत निरोप पाठवते.

हवालदार_निवृत्त

काल रात्री शाहूपुरीच्या ताईंचं वाचलं आणि झोप आली नाही. माझ्या वेळी अशी किती पानं झाली असतील, ती कुणी मागितली नाहीत म्हणून दिसली नाहीत.

एक सुचवतो, खात्यातला म्हणून. नवीन कायदा नको, नवीन पथक नको. मिसिंगच्या रजिस्टरला चार रकाने वाढवा. जिवाला धोका, हो का नाही. कुणी ठरवलं. लोकेशनची मागणी किती वाजता. मिळाल्यावर कुठं पाठवलं. महिन्याच्या क्राईम मीटिंगला प्रत्येक ठाण्याचा प्रभारी एसपी साहेबांसमोर बसतोच, तिथं चोऱ्या-घरफोड्यांबरोबर हे चार रकाने वाचले की आपोआप हात चालायला लागतील. जे मीटिंगमध्ये विचारलं जातं तेच ठाण्यात केलं जातं, हे मी ३४ वर्षांत शिकलो.

आणि तोवर लोकांसाठी: ठाण्यात जातानाच ११२ लावा. तो फोन आधी नवी मुंबईच्या केंद्रात जातो, तिथं वेळेसकट नोंद होते आणि मग जिल्ह्याच्या कंट्रोलला येतो. ती वेळ कुणाला मागंपुढं करता येत नाही.

ॲड_राजारामपुरी

हे शेवटचं वाक्य सगळ्यांनी लक्षात ठेवा.

एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्या आहेत, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. कारण, वय, व्यवसाय, शिक्षण, सगळ्याचे तक्ते आहेत. त्या माणसाची आधी मिसिंग नोंद होती का आणि किती तास आधी, याचा तक्ता नाही. हवालदारसाहेबांचे चार रकाने तिथंही लागतील.

हे रकाने सुरू करा म्हणून एसपी साहेबांना द्यायच्या अर्जाचा मसुदा मी करतो. शाहूपुरीच्या ताईंची हरकत नसेल तर वेळांचा तो मुद्दा नाव न घेता घालतो.

शाहूपुरीतली_मी

हरकत नाही. घाला.

उत्तरेश्वरकर

मसुदा पाहिला, सही करतोय. पुढच्या सोमवारी आम्ही पाचजण एसपी ऑफिसला जातोय, ज्यांना जमेल त्यांनी या. हवालदारसाहेब येणार म्हणालेत, पण टोपी घालून नाही.

दाजींनी काल रात्री आख्खा धागा वाचला. चष्मा लावून, ताईच्या मोबाईलवर. मनोमिलन ताईंनी विचारलेलं, वाडीची ओढ होती का. ते म्हणाले, लहानपणी आजोबांबरोबर दर पौर्णिमेला जायचे, आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं, ताईलासुद्धा. ठाण्यात विचारलं असतं तरी आम्हाला सांगता आलं नसतं. पण त्यांच्या थोरल्या भावाला आलं असतं, आणि तो दिवसभर फोनपाशी बसून होता.

मग म्हणाले, त्या ग्रुपवाल्यांना सांग, मी हाय. आणि फिरवायचाच असेल तर फोटो तरी बदला. त्यात मी मेव्हणीच्या लग्नातला फेटा घालून हाय, कोन वळखंल मला?